दार लावून घेतल्यावर

या अंकासाठीं प्रार्थनेविषयीं कांहीं लिहावें असें जेव्हां आम्हांस सांगण्यांत आलें, तेव्हां आमच्या मनांत पहिला विचार आला तो नकाराचा. प्रार्थनेवर व्याख्यान देणें सोपें आहे. तें आम्हीं पुष्कळ वेळां दिलेंही आहे. परंतु ज्या बोर्डिंगांत आम्ही लहानाचे मोठे झालों, तेथील वार्षिकांत, आणि ज्यांनीं आम्हांस गुडघे टेकतांना पाहिलें आहे अशांच्या मुलाबाळांपुढें, नुसतें व्याख्यान ठेवणें मनास बरें वाटेना. म्हणून जें घडलें तेंच लिहितों. त्यांत आमची थोरवी कोठेंच नाहीं, हें वाचकांच्या लवकरच ध्यानांत येईल.

आमच्या वेळीं पहाटे साडेपांच वाजतां घंटा होई. सुपरिंटेंडेंटसाहेब हातांत कंदील घेऊन दारांत उभे राहत, आणि आम्ही साठ-सत्तर मुलें घोंगड्या गुंडाळून, डोळे चोळीत, लांबच्या लांब खोलींत ओळीनें गुडघे टेकीत असूं. हिवाळ्यांत खालची फरशी अशी गार लागे कीं, गुडघे टेकल्यासारखें दाखवून टाचांवर बसण्याची युक्ति प्रत्येकानें आपापल्या परीनें शोधून काढली होती. अशा सभेंत प्रार्थना करण्याचें काम चौदाव्या वर्षापासून वारंवार आमच्याकडे येऊं लागलें. एक तर आमचा आवाज चांगला होता. आणि दुसरें असें कीं, आमच्या गांवच्या वृद्ध पाळकसाहेबांचीं लांबलचक वाक्यें आम्हीं जशींच्या तशीं पाठ केलीं होतीं. ‘हे सर्वसमर्था, सर्वज्ञा, सर्वसाक्षी परमेश्वरा’ असा आम्ही आरंभ करीत असूं, आणि राज्यकर्ते, आजारी, विधवा, अनाथ, दूरदेशींचे सुवार्तिक या सर्वांचा समाचार घेऊन ‘आमेन’ला पोहोंचेपर्यंत मागच्या ओळींतील दोघे-तिघे पुन्हां झोपीं गेलेले असत. एकदां स्वयंपाकघरांतील मावशी आम्हांस म्हणाल्या, “बाळा, प्रार्थना लई गोड झाली, पण ती संपेस्तोवर माझ्या दोन भाकरी करपल्या.” त्या वेळीं आम्ही तो आपला गौरवच समजलों.

सुट्टींत गांवीं गेलों म्हणजे रविवारच्या उपासनेस एक वृद्ध बाई येत असत. सारी मंडळी त्यांना आजी म्हणे. त्यांना अक्षरओळख नव्हती. कोणींही प्रार्थना करावी असें पाळकांनीं म्हटलें कीं आजी सर्वांच्या आधीं उभ्या राहत, डोकीवरचा पदर सारखा करीत, आणि शेजारणीशीं बोलावें तशा देवाशीं बोलूं लागत. विहिरीचें पाणी तळाला गेलें आहे. नातू मुंबईस गिरणींत आहे, त्याचें पत्र नाहीं. शेळीला दोन करडें झालीं, त्याबद्दल उपकार. आणि काल सुनेला टाकून बोलले तें चुकलें. एवढें झालें कीं आमेन. आम्ही शाळकरी मुलें एकमेकांस कोपरानें डिवचून हंसत असूं. कोठें शेळीचीं करडें आणि कोठें विश्वाचा निर्माता! आमच्या हिशेबीं ही प्रार्थना चौथ्या इयत्तेंतही उत्तीर्ण झाली नसती. सुनेला टाकून बोलल्याची गोष्ट आजी त्या सुनेच्या देखत, भर मंडळींत सांगत होत्या, हें मात्र त्या वेळीं आमच्या लक्षांत आलें नाहीं.

पुढें शिक्षकाचा पेशा पत्करल्यावर पंडिता रमाबाईंनीं केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर आमच्या हातीं आलें. संस्कृत ज्यांच्या जिभेवर खेळत होतें, १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं ज्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या बाईंनीं आपल्या आयुष्याचीं शेवटचीं वर्षें केडगांवच्या मुक्तिसदनांत बसून, हिब्रू व ग्रीक भाषांवरून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठींत संपूर्ण शास्त्र उतरविण्यांत वेंचलीं. १९२२ सालीं त्या निवर्तल्या. त्यापूर्वीं तें काम त्यांनीं हातावेगळें केलें होतें. ज्यांच्यापाशीं कठीण शब्दांचें भांडार होतें त्यांनीं तें बाजूस ठेवलें. आणि ज्यांच्यापाशीं स्वतःचा एकही शब्द नव्हता अशा आम्हीं ते उसने आणून मिरविले. तें पुस्तक वाचतांना आम्हांस आजींची पहिल्यानें आठवण झाली, आणि थोडी लाजही वाटली. परंतु लाज वाटणें निराळें आणि सुधारणें निराळें. आमची सकाळची प्रार्थना होती तशीच चालूं राहिली.

ती कोठें अडकली तें आतां सांगतों. वडिलांच्या निधनानंतर आमच्यांत व आमच्या थोरल्या बंधूंत वाटणीवरून वितुष्ट आलें. साडेचार एकर जमीन आणि एक विहीर. परक्याला हंसूं येईल इतकी लहान ही बाब. पण चैत्र-वैशाखांत एका विहिरीच्या पाण्याकडे दोन घरें कशीं डोळे लावून बसतात, तें ज्यानें पाहिलें आहे त्याला हंसूं येणार नाहीं. दादांनीं चार लोकांच्या देखत आम्हांस एक शब्द लावला, तो येथें लिहीत नाहीं. उलट आम्ही जें बोललों तेंही लिहिण्याजोगें नाहीं. त्या दिवसापासून अकरा महिने जाणेंयेणें बंद झालें. मग या अकरा महिन्यांत आमची प्रार्थना बंद पडली होती काय? मुळींच नाहीं! शाळेंतील सकाळची उपासना आम्हीच चालवीत होतों. पाळकसाहेब परगांवीं गेले म्हणजे मंडळींत आम्हांसच पाचारण होई. आणि घरीं दिवेलागणीस मुलांना जवळ घेऊन शास्त्रपाठ व प्रभूची प्रार्थना हा नेम एक दिवसही चुकला नव्हता.

एके संध्याकाळीं ‘आमेन’ झाल्यावर आमची धाकटी मुलगी, ती तेव्हां सात वर्षांची होती, म्हणाली, “बाबा, तुम्ही रोज मधेंच गप्प कां होतां?”

“कुठें गप्प होतों?”

“तें क्षमेचं येतं ना, तेव्हां. आई म्हणते, ताई म्हणते, मी पण म्हणतें. तुम्ही नाहीं म्हणत. मग पुढचं पुन्हां मोठ्यानं म्हणतां.”

आम्हीं तिच्या आईकडे पाहिलें. तिनें मान खालीं घातली. म्हणजे तिलाही हें ठाऊक होतें, आणि तिनें तें बोलून दाखविलें नव्हतें. आम्ही मात्र खरेंच सांगतों कीं, आपण तें वाक्य गाळीत आहों याची आम्हांस स्वतःला वार्ता नव्हती. जीभ आपण होऊन थांबत होती. ज्या मनाला आम्ही धर्मशील समजत होतों त्यापेक्षां आमची जीभच अधिक प्रामाणिक निघाली.

पालकांस येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण मुलांस प्रार्थना शिकवितों अशी आपली समजूत असते, आणि मुलें तर आपण कोठें थांबतों तेंच कान देऊन ऐकत असतात.

प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायांत, प्रार्थना करणारानें आपल्या खोलींत जाऊन दार लावून घ्यावें असें सांगितलें आहे. हा भाग आम्हीं वर्गांत कितीदां तरी समजावून दिला होता. सभास्थानांत आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहणाऱ्या ढोंग्यांचें वर्णन तर आम्ही मोठें रंगवून करीत असूं. परंतु दार लावून घेतल्यावर आंत काय होतें तें आम्हीं मुलांना कधींच सांगितलें नव्हतें, कारण तें आम्हांस माहीतच नव्हतें. त्या रात्रीं सर्व निजल्यावर आम्ही उठलों. घरांत निराळी खोली अशी नव्हती. ज्वारीचीं पोतीं ठेवण्याची एक अरुंद कोठी होती. तेथें जाऊन दार लावलें आणि गुडघे टेकले. ‘हे सर्वसमर्था’ एवढें म्हणून झालें. आणि ऐकावयास दुसरें कोणीच नसल्यामुळें तो शब्द इतका पोकळ लागला कीं पुढें जाववेना. पांच मिनिटांत मन फीच्या हिशेबावर गेलें, तेथून म्हशीच्या पेंडीवर, तेथून दादांच्या त्या शब्दावर. आणि तेथें जें तें बसलें तें उठेचना. घड्याळ पाहिलें तों अवघीं बारा मिनिटें झालीं होतीं. एवढे दिवस सभेंत अर्धा अर्धा तास प्रार्थना करणारे आम्ही, एकांतांत पाव तासही टिकलों नाहीं.

असे पंधरावीस दिवस गेले. रात्रींच्या वेळीं पोत्याला टेकून आम्हांस कित्येकदां झोप लागली. गेथशेमाने बागेंत झोपीं गेलेल्या शिष्यांविषयीं आम्ही पूर्वीं जें कठोर बोलत असूं, तें तेव्हांपासून बोलावयाचें सोडून दिलें. मग वेळ बदलून पहाटेची धरिली. कफर्णहूमांत सारें गांव दाराशीं लोटलें होतें त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशीं प्रभु स्वतः अंधारांतच उठून एकांत स्थळीं गेला, असें मार्क सांगतो. झोप गेली, तरी मन भटकावयाचें राहिलें नाहीं. सतराव्या शतकांत पॅरिस येथील एका मठाच्या स्वयंपाकघरांत लॉरेन्स नांवाचा एक साधा बंधु काम करीत असे. मन भटकलें तर त्यावर चरफडूं नये, त्यास शांतपणें परत आणावें, असा त्याचा अनुभव त्याच्या पत्रांतून लोकांस कळला. हा उपदेश आम्हांस मोलाचा वाटला. पण आमचें मन परत यावयास तयार नसे. अखेरीस कंटाळून आम्हीं उलट केलें. मन म्हशीवर गेलें, तर म्हशीविषयींच बोलूं लागलों. फीचा हिशेब जुळत नव्हता तर तो तेथेंच देवापुढें मांडला. आणि मन दादांपाशीं गेलें तेव्हां प्रथमच खरें बोललों: “प्रभो, मला दादांचा राग येतो. त्यांना क्षमा करावी असं मला वाटत नाहीं. आणि वाटावं अशी इच्छाही नाहीं.” (लेख लिहितांना ‘आम्ही’ म्हणण्याचा प्रघात सोयीचा आहे. त्या कोठींत मात्र ‘मी’ म्हणावें लागलें.)

बोलून गेलों, आणि भीति वाटली. देवाशीं असें बोलावें काय? याचा शोध घ्यावा म्हणून स्तोत्रसंहिता काढली, आणि १५० स्तोत्रें पहिल्यापासून क्रमानें, रोज एक याप्रमाणें वाचावयाचें ठरविलें. आजवर उपासनेसाठीं आम्ही २३ वें किंवा १२१ वें स्तोत्र निवडीत आलों होतों. मेंढपाळ आणि डोंगर यांपलीकडे आमची सहसा मजल जात नसे. आतां पाहतों तों १३ व्या स्तोत्रांत हा कवि चार वेळां देवास विचारतो कीं, हें आणखी किती काळ? ८८ वें तर आरंभीं दुःखांत आणि शेवटीं अंधारांत. त्यांत आशेचा किरण म्हणून शेवटीं जोडलेला नाहीं. १०९ व्या स्तोत्रांत वैऱ्यासाठीं जे शाप आहेत ते वाचून आमचा राग आम्हांस सौम्य वाटूं लागला. हे सारे बोल पवित्र शास्त्रांत आहेत आणि कोणीं ते खोडून काढले नाहींत! हन्नेची गोष्टही त्याच सुमारास नव्यानें वाचली. तिचे ओठ हालत होते, आवाज येत नव्हता. आणि प्रत्यक्ष एली याजकास वाटलें कीं बाई मद्य प्यालेली आहे. प्रार्थनेची पारख आमच्यासारख्या धंदेवाईक माणसांस कितपत असते, याचें हें चांगलें उदाहरण आहे. आम्हीही एका आजींना हंसलों होतों.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस वाटेल कीं आम्ही नेमास कमी लेखीत आहों. तसें नाहीं. दानीएल दिवसांतून तीन वेळां, यरुशलेमेकडे खिडक्या उघड्या असलेल्या आपल्या माडीवर गुडघे टेकीत असे; आणि राजाचा हुकूम निघाला तेव्हां त्यानें नवें असें कांहींच केलें नाहीं, पूर्वीं करीत असे तेंच केलें. सिंहांच्या गुहेंत टाकल्यावर हा नेम आरंभावयाचा म्हटलें असतें तर फार उशीर झाला असता. तुमचे सिंह म्हणजे बहुधा मार्च महिन्यांत येतात! परीक्षेच्या हॉलच्या दाराशीं केलेली प्रार्थना देव ऐकत नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्याच्याशीं वर्षभर एक शब्द बोललों नाहीं त्याच्याकडे त्या दिवशीं मागतांना आपलें आपल्यालाच संकोचल्यासारखें होतें. आमच्या बोर्डिंगांतील एका सोबत्यानें गणिताच्या मास्तरांस ताप यावा अशी प्रार्थना केली होती. मास्तरांना खरोखरच ताप आला. मग तो बिचारा तीन रात्री, ते बरे व्हावेत म्हणून अंथरुणांत गुडघ्यांवर बसून होता. त्याची ही दुसरी प्रार्थना पहिलीपेक्षां कितीतरी सुधारलेली होती, आणि तीत विशेषण एकही नव्हतें.

कोठींत आम्हीं एक वही ठेविली. ज्यांच्यासाठीं प्रार्थना करावयाची त्यांचीं नांवें एका बाजूस, आणि त्यांची गरज दुसऱ्या बाजूस. दादांचें नांव अगदीं शेवटीं लिहिलें, तेंही पेन्सिलीनें. पहिले कांहीं दिवस आम्ही म्हणत असूं कीं, दादांना सद्बुद्धि दे. पुढें एके दिवशीं ध्यानांत आलें कीं ही प्रार्थना नव्हे, ही फिर्याद आहे. मामलेदाराच्या कचेरींत जो अर्ज द्यावयाचा तोच आम्ही देवाच्या दरबारांत देत होतों, आणि न्यायाधीश आपल्या बाजूचा आहे असें गृहीत धरीत होतों. मग दादांसाठीं निराळें काय मागावें? दुसऱ्या बाजूची जागा कोरीच राहिली. वहिनींचा दमा कसा आहे, पुतण्या मॅट्रिकला बसला कीं नाहीं, यंदा बी-बियाणें कोठून आणलें, यांतलें आम्हांस कांहींच ठाऊक नव्हतें. ज्याची कांहींच माहिती नाहीं त्याच्यासाठीं मागतां येत नाहीं, असा हा पेंच होता. प्रार्थनेनें मनास शांति मिळते असें म्हणतात. आम्हांस तिनें प्रथम पोस्टांत पाठविलें. कार्ड लिहिलें, त्यांत एवढेंच विचारलें. उत्तर आलें नाहीं. महिन्यानें दुसरें लिहिलें. त्याचेंही उत्तर आलें नाहीं. पूर्वींचे आम्ही असतों तर आपलें कर्तव्य झालें असें म्हणून मोकळे झालों असतों, आणि दादा कसे कठोर आहेत याचा आणखी एक पुरावा मिळाल्याचा मनांतून आनंदही झाला असता. तो थोडासा झालाच. पण दुसऱ्या दिवशीं पहाटे पुन्हां तेंच नांव आणि पुढें तीच कोरी जागा! मे महिन्याच्या सुट्टींत एस. टी. धरून आम्ही गांवीं गेलों.

दादा ओसरीवर सोल वळीत बसले होते. त्यांनीं मान वर करून पाहिलें.

“केव्हां निघालास?”

“सकाळच्या गाडीनं.”

“ऊन लागलं असेल. आंत ये.”

वहिनींनीं गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलें. दिवसभर पाऊस, बैल, पुतण्याची परीक्षा यांविषयीं बोलणें झालें. विहिरीचें नांव कोणीं काढलें नाहीं. विहिरीचा प्रश्न त्या भेटींत सुटला नाहीं, हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण अशा लेखांत प्रश्न शेवटीं सुटलेले दाखविण्याची चाल आहे. त्याचा निकाल लागावयास पुढें चार वर्षें गेलीं, आणि तो निकाल आम्हांस सर्वस्वीं पसंत पडला असें म्हणतां येणार नाहीं.

दिवेलागण झाली. वहिनींनीं कंदील लावला आणि शास्त्र आणून दादांपुढें ठेविलें. त्यांनीं तें उघडलें तों आंतून दोन कार्डें खालीं पडलीं. अक्षर आमचें होतें. दादांनीं तीं उचलून, जेथें होतीं तेथेंच पुन्हां ठेविलीं, आणि कांहीं न बोलतां अध्याय वाचला. मग सर्वांनीं प्रभूची प्रार्थना म्हणावयास आरंभ केला. त्या वाक्यापाशीं आलों, आणि दादांचा आवाज थांबला. आमचाही थांबला. वहिनी व मुलें पुढें निघून गेलीं. तेव्हां सर्वांच्या मागून, एकटेच, जरा घाईघाईनें, दादा तें वाक्य म्हणाले. आणि त्यांच्यामागून आम्हीं म्हटलें.